सुभाष गुप्ते : वनवास की बिऱ्हाड?

सुभाष गुप्ते यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याची गाडी बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते : दिल्लीचे इंपिरियल हॉटेल, सात नंबरची खोली, डिसेंबर १९६१. कसोटी क्रिकेटमध्ये १४९ बळी घेणारा, एका डावात नऊ गडी बाद करणारा लेगस्पिनर त्या खोलीतून आलेल्या एका टेलिफोनमुळे संघाबाहेर गेला आणि उरलेले आयुष्य त्याने सातासमुद्रापार काढले. हकीकत करुण आहे, सांगायला सोपी आहे आणि ऐकणाऱ्याला नियामक मंडळाचा राग आला की सांगणाऱ्याचे काम होते. ठाण्यात गुप्ते आडनावाची घरे पुष्कळ. त्यामुळे इकडे ती जरा जास्तच जिव्हाळ्याने सांगितली जाते. माझा आक्षेप तिच्या खरेपणावर नाही. ती शेवटच्या खोलीत बसून आधीची सगळी कारकीर्द वाचते, हे मला खटकते.

मी या विषयाकडे आलो तो बॉक्सिंगच्या वाटेने. डोंबिवलीत राहून क्युबाच्या मुष्टियोद्ध्यांवर टिपणे काढत बसणाऱ्याला शेजारीपाजारी काय म्हणत असतील ते असो. पण ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. या दोन्ही ठिकाणी माझ्यासारख्या, पदवीच्या नव्हे पण आवडीच्या अभ्यासकाला बसायला जागा मिळत आली आहे. क्युबाच्या त्या वाचनातून गुप्त्यांकडे पाहण्याचा एक वेगळा झरोका मिळाला, म्हणून आधी थोडे क्युबाविषयी.

क्रांतीनंतर क्युबाने १९६२ मध्ये व्यावसायिक खेळांवर बंदी घातली. खेळ हा जनतेचा हक्क, तो विकायचा नाही, ही भूमिका. होसे नापोलेससारखे जे मुष्टियोद्धे आधीच धंद्यात होते, त्यांनी मेक्सिकोची वाट धरली. नापोलेस पुढे १९६९ मध्ये वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. देशात राहिलेल्यांना सरकारने घडवले, पोसले आणि ऑलिंपिकला पाठवले. तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन सुवर्णपदके आणली आणि व्यावसायिक होण्यासाठी आलेली आमिषे नाकारली; तो त्या व्यवस्थेचा आदर्श पुत्र. दुसऱ्या टोकाला गियेर्मो रिगोंदो. सिडनी २००० आणि अथेन्स २००४ अशी दोन सुवर्णपदके त्याच्या नावावर. २००७ मध्ये रिओतल्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत तो एरिस्लांदी लारासह संघातून नाहीसा झाला, सापडला, ब्राझीलने परत पाठवला. फिदेल कास्ट्रोने लेख लिहून त्याची तुलना रणांगणात साथीदारांना सोडून जाणाऱ्या सैनिकाशी केली. पुन्हा संघात घेण्याचा प्रश्नच नव्हता. २००९ मध्ये तो मेक्सिकोमार्गे मायामीला निसटला.

इथवर रिगोंदोची हकीकत आपल्या गुप्तेकथेच्याच घाटाची आहे. सत्ताधाऱ्यांनी दार लावले, गुणी माणूस समुद्र ओलांडून गेला. पण पुढे काय झाले ते पाहावे. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये रिगोंदोने नोनितो दोनाइरेला गुणांवर हरवले, तेही अशा सफाईने की दोनाइरेला तो नीट सापडलाच नाही. तज्ज्ञांनी वाहवा केली, तिकीट काढून आलेल्यांनी हुर्यो केली. टोला चुकवण्यात ज्याची कला आहे तो माणूस टीव्हीला कंटाळवाणा वाटला आणि वर्षभरात त्याच्या प्रवर्तकांनी त्याच्यातून अंग काढून घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये लोमाचेंकोसमोर सहा फेऱ्यांनंतर हाताच्या दुखापतीचे कारण देऊन तो कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठला नाही, तेव्हा त्याची टिंगलच झाली. एका मालकाच्या हातून सुटलेला माणूस दुसऱ्या मालकाच्या हाती पडला. फरक एवढाच, की पहिला त्याला गद्दार म्हणत होता आणि दुसरा म्हणत होता की तुझा माल खपत नाही.

आता आपल्याकडे वळू. १९५० च्या दशकातला भारतीय कसोटी क्रिकेटपटू नावाला हौशी होता. एका कसोटीचे अडीचशे रुपये हा आकडा त्या पिढीच्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो, आणि तो मानधन म्हणून नव्हे, खर्चासाठी म्हणून. घर चालायचे ते रेल्वे, बँक किंवा एखाद्या कंपनीतल्या नोकरीवर. तिथे हजेरीपेक्षा संघातली धावसंख्या महत्त्वाची असे. नाहीतर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय. गुप्ते मुंबईकडून खेळले, बंगालकडून खेळले आणि राजस्थानकडूनही. पोट आणि रणजी करंडक यांची गाठ अशी सोयीने बांधली जात असे. क्युबाचा मुष्टियोद्धा कागदोपत्री क्रीडाशिक्षक आणि आपला गोलंदाज कागदोपत्री कारकून. दोन्हीकडे खरा धंदा एकच होता आणि दोन्हीकडे त्याचे नाव उच्चारायचे नाही असा संकेत होता.

तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. भारताने कोणा क्रिकेटपटूचा पासपोर्ट अडवला नाही, कोणाला लपतछपत सीमा ओलांडावी लागली नाही. आपल्या मंडळाच्या हाती एकच अस्त्र होते : निवड. ते पुरेसे होते. आधीच्या पिढीतले उदाहरण विनू मंकड यांचे. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याआधी लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबने त्यांना बोलावले. दौऱ्यावर निवड नक्की असेल तर ती नोकरी सोडतो, अशी हमी मंकड यांनी मागितली. मंडळाने ती दिली नाही. मंकड हॅस्लिंग्डनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली, आणि मग त्याच मंडळाला हॅस्लिंग्डनकडे हात पसरावे लागले. लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच गडी बाद केले. भारत आठ गडी राखून हरला, तरी ती कसोटी आजही मंकडची कसोटी म्हणूनच ओळखली जाते. या पराक्रमावर आपण भरभरून लिहितो. पण तो करणारा माणूस त्या दिवसांत एका गिरणीगावचा पगारी नोकर होता आणि सुट्टी काढून देशासाठी खेळायला आला होता, यावर फारसे कोणी थांबत नाही.

त्याच लँकेशायर लीगमध्ये, ब्लॅकबर्नजवळच्या रिश्टन या छोट्या गावी, दशकाच्या मध्यावर सुभाष गुप्ते पोहोचले. पुढे सेंट्रल लँकेशायर लीगमधल्या हेवूडलाही ते खेळले. या लीगची रचना समजून घेतल्याशिवाय गुप्ते समजणार नाहीत असे मला वाटते. गावे कापड गिरण्यांची. प्रत्येक क्लबात व्यावसायिक एकच, बाकीचे दहा गिरणीतले, दुकानातले, शाळेतले. त्या एकाच्या जिवावर अख्ख्या गावाचा शनिवार. त्याने अर्धशतक काढले किंवा झोळीभर बळी घेतले की प्रेक्षकांत डबा फिरे आणि जमलेली नाणी त्याची. त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नेल्सनला असाच राहिला आणि गावाने त्याला आपला मानला. विजय हजारे १९४९ मध्ये रॉटनस्टॉलला होते. वीक्स, वॉरेल, वॉलकॉट, तिघेही या गावांतून गेले.

कल्याणला एका वाचक मंडळात मी हा भाग सांगितला, तेव्हा एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, "म्हणजे आपले हजारे तिकडे डबा फिरवायचे?" प्रश्नात दुखावलेपणा होता. मी म्हटले, "डबा क्लबवाले फिरवायचे, आणि तो रिकामा परत आला की काय समजायचे, ते हजाऱ्यांना बरोबर समजायचे." रिश्टनमध्ये गुप्त्यांना जे मिळाले ते भारतात मिळत नव्हते : केलेल्या कामाचा ठरलेला मोबदला. वर्षाचे निम्मे दिवस ज्याला आपली किंमत पौंडांत माहीत आहे, तो उरलेले निम्मे दिवस निवड समितीच्या सदस्यांपुढे कोणत्या चेहऱ्याने उभा राहत असेल, हा प्रश्न गुप्त्यांवरच्या लेखनात मला कुठे भेटला नाही.

त्यांच्या गोलंदाजीची किंमत पौंडांखेरीजही करता येते. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पाच कसोटींत २७ बळी, समोर ऐन भरातले तीन 'डब्ल्यू'. पोर्ट ऑफ स्पेनला एका डावात १६२ धावांत सात. तेविशीतल्या त्या पोराला तिथल्या लोकांनी आपल्या विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून 'फर्गी' हे नाव दिले आणि ते जन्मभर चिकटले. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात २१. त्याच हंगामात मुंबईकडून पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध ७८ धावांत दहाच्या दहा. प्रथम श्रेणीत असे करणारे ते पहिले भारतीय. न्यूझीलंडविरुद्ध १९५५-५६ मध्ये पाच कसोटींत ३४. सर गारफिल्ड सोबर्स अखेरपर्यंत म्हणत आले की आपण पाहिलेला सर्वांत थोर लेगस्पिनर गुप्ते, शेन वॉर्न नव्हे. वॉर्नचे चाहते हसतात. पण सोबर्स हे फलंदाज होते आणि त्यांनी गुप्त्यांचा चेंडू बावीस यार्डांवरून पाहिला होता. त्यांच्या मताचे वजन वेगळे. लेगब्रेकला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढायचे आणि दोन प्रकारच्या गुगलींनी त्याला मागे गाठायचे, ही गुप्त्यांची रीत होती. धावा जाणार हे गृहीत धरून केलेली ही गोलंदाजी. कंजुषीने होत नाही.

डिसेंबर १९५८ चे कानपूर घ्या. वेस्ट इंडिजचा डाव २२२ वर संपला, गुप्ते १०२ धावांत नऊ. दहावा गडी वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. नरेन ताम्हाणे यांच्या हातून एक झेल सुटला नसता तर दहाही गुप्त्यांचेच होते, असे सांगतात. भारतानेही बरोबर २२२ केल्या. आणि मग सोबर्सने १९८ काढल्या, भारत २०३ धावांनी हरला. एका गोलंदाजाने नऊ बळी घ्यावेत आणि सामना तरी एवढ्या फरकाने जावा, यात त्या दशकातल्या भारतीय क्रिकेटचे सगळे चित्र आहे. त्या एका मालिकेत पाच कसोटींना चार कर्णधार झाले : उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी. ज्या घरात कर्त्याचीच खुर्ची रोज बदलते, तिथे राबणाऱ्याची बाजू घेणार कोण? १९६१ मध्ये जे झाले त्याची मुळे मला सात नंबरच्या खोलीपेक्षा इथे जास्त दिसतात.

आता ती खोली. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्त्यांनी ९० धावांत पाच गडी बाद केले आणि भारताविरुद्ध इंग्लंडवर पहिल्यांदाच फॉलोऑनची पाळी आली. ११ डिसेंबरला गुप्ते ३२ वर्षांचे झाले, १३ तारखेला दिल्लीची कसोटी सुरू झाली. ती त्यांची छत्तिसावी आणि शेवटची. हॉटेलात त्यांच्या खोलीत ए. जी. कृपालसिंग होते. कृपालसिंग यांनी हॉटेलच्या रिसेप्शनिस्टला फोन करून काम संपल्यावर भेटायचे विचारले, तिने व्यवस्थापकाकडे तक्रार केली, तक्रार मंडळाकडे गेली. फोन खोलीतून झाला होता, खोली दोघांची होती, म्हणून दोघेही निलंबित. गुप्ते त्या वेळी इतरांबरोबर पत्ते खेळत होते. सहकाऱ्याला अडवले का नाहीस, असे विचारल्यावर एवढ्या धिप्पाड माणसाला मी कसा अडवणार, असे आपण म्हटल्याचे त्यांनी नंतर सांगितले आहे.

हा प्रसंग आपल्याकडे विनोदी ढंगाने सांगायची पद्धत पडली आहे : एक फोन काय केला आणि केवढा गहजब! मला हे पटत नाही. रात्रपाळीला असो की दिवसपाळीला, हॉटेलात नोकरी करणाऱ्या बाईला परक्या पाहुण्याचा असा फोन नकोसा वाटला आणि तिने तक्रार केली, यात गहजब काही नव्हता. तक्रारीची दखल घेतली हेही योग्यच. चूक पुढची आहे. फोन कोणी केला आणि कोणी नाही, एवढी साधी निवड करायचे कष्ट मंडळाने घेतले नाहीत. आपल्या जुन्या शाळांतून एका बाकावरच्या पोराने शिट्टी वाजवली की मास्तर दोघांना अंगठे धरायला लावत, तसा हा न्याय. त्यानंतर भारताने कलकत्ता आणि मद्रास जिंकून इंग्लंडविरुद्ध पहिलीच मालिका २-० अशी घेतली. कानपूरला पाया घालणारा गोलंदाज त्या जल्लोषात नव्हता, आणि लगेचच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरही त्याला नेले नाही. त्या दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला.

करुणकथा इथे मिटते, आणि नेमकी इथेच एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटते. कृपालसिंग परत आले. फोन करणारा माणूस १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्धच पुन्हा कसोटी खेळला. म्हणजे दार जन्मठेपेचे नव्हते. दोन-तीन वर्षांनी कडी निघत होती. गुप्ते मात्र ती निघेपर्यंत पायरीवर बसले नाहीत. ते त्रिनिदादला गेले. पत्नी कॅरल तिथल्या; १९५२-५३ च्या दौऱ्यात दोघांची ओळख झाली होती. १९६३-६४ मध्ये ते त्रिनिदादच्या संघातून थोडे खेळले आणि प्रथम श्रेणीची ५३० बळींची कारकीर्द तिथेच थांबली. तेव्हा भारतीयांपैकी कसोटीत त्यांच्यापेक्षा जास्त बळी एकट्या मंकड यांचे होते, १६२.

रिगोंदोशी ताडून पाहिले की क्रम उलटा लागतो. क्युबाचा माणूस कलेचा धंदा करता यावा म्हणून समुद्र ओलांडतो. गुप्त्यांनी तो धंदा रिश्टनला आधीच केला होता, उघडपणे आणि देशाचा संघ न सोडता. दर हिवाळ्यात ते परत येऊन फुकटात म्हणावे अशा मोलाने भारतासाठी पन्नास-पन्नास षटके टाकत होते. त्यांनी समुद्र ओलांडला तो संसार थाटायला. याला वनवास म्हणायचे तर वनवास संपून माणूस अयोध्येला परत यावा लागतो. गुप्त्यांनी बिऱ्हाड केले. तेही कुठल्या परक्या मुलखात नव्हे : १८४५ पासून गिरमिट्यांची जहाजे भारतातून जिथे गेली, जिथल्या उसाच्या मळ्यांतून सॉनी रामाधीन निघाला, त्या बेटावर. आमच्या डोंबिवलीत आज प्रत्येक इमारतीत एखादे तरी घर असे आहे, की मुलगा न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला आणि आई-वडील रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर. त्या मुलाला कोणी निर्वासित म्हणत नाही, पेढे वाटतात. गुप्त्यांच्याच जाण्याला आपण हळहळ का जोडतो? माझे उत्तर असे, की ती हळहळ त्यांच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहे. भारतासाठी खेळणे थांबले की माणसाचे जगणेच थांबले, असे मानणाऱ्या प्रेक्षकाची ती हळहळ आहे, आणि गंमत म्हणजे नियामक मंडळही तेच मानत होते. त्या समजावरच त्याच्या शिक्षेची धार अवलंबून होती.

याचा अर्थ अन्याय झाला नाही असा कोणी काढू नये. बत्तीस हे लेगस्पिनरच्या उमेदीचे वय. निदान तीन-चार वर्षांची गोलंदाजी वाया गेली. पण ती आपली गेली. त्यांचे काय गेले आणि काय मिळाले, हे त्यांच्या बाजूने मोजावे लागेल.

मंडळाच्या स्वभावाविषयी एक नोंद. रिगोंदो रिओत पकडला गेला त्याच २००७ साली आपल्याकडे इंडियन क्रिकेट लीग निघाली. नियामक मंडळाने तिकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, विश्वचषक जिंकून देणाऱ्या कपिल देवलाही राष्ट्रीय अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. आणि रिगोंदो मायामीला पोहोचला त्या २००९ मध्ये परत येणाऱ्या खेळाडूंना माफी दिली. तोवर मंडळाची स्वतःची आयपीएल चालू झाली होती. खेळ विकायला हरकत उरली नव्हती. विकणारा कोण, एवढाच प्रश्न होता. क्युबानेही २०२२ मध्ये साठ वर्षांनी आपल्या मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची परवानगी दिली, तीही स्वतःच्या क्रीडासंघटनेच्या देखरेखीखाली.

२००० मध्ये भारतीय मंडळाने गुप्त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तेव्हा ते सत्तरीत होते आणि त्यांच्या आयुष्याची चाळीसच्या आसपास वर्षे त्रिनिदादमध्ये गेली होती. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला ते वारले. भारतीयांचे पहिले जहाज बेटाला लागले तो दिवस त्रिनिदाद ३० मे रोजी सुट्टी देऊन साजरा करतो. तो आदल्याच दिवशी झाला होता. सौरव गांगुलीचा भारतीय संघ त्या वेळी वेस्ट इंडिजच्याच दौऱ्यावर होता.